नानांची पिशवी: चार वर्षं अडलेल्या एका कामाचं प्रकरण

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हे गृहस्थ स्टोअर्स सांभाळतात. वय ४७. आलेल्या मालाची नोंद त्याच दिवशी, वर्षअखेरच्या साठा मोजणीचे कागद तारखेच्या आधी साहेबांच्या टेबलावर, असा त्यांचा लौकिक. ऑडिटर आले की आधी यांच्या खोलीत बसतात, कारण तिथे काही शोधावं लागत नाही. याच माणसाने वडिलांच्या पश्चात गावच्या जमिनीची वारस नोंद करायचं काम चार वर्षं पुढे ढकललं.

मी समुपदेशनाचं काम करते. हे प्रकरण त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, घडण्याचा क्रम आणि कामाचा गाभा तसाच ठेवला आहे. चालढकल करणाऱ्याला आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो शिस्तीचा. इथे शिस्त पोत्याने होती, तरी काम अडलं होतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं.

काम काय होतं

निफाड तालुक्यात साडेतीन एकर जमीन. कांदा, मका, कधी सोयाबीन. चुलतभाऊ अर्धलीने करतो. खातेदार वडील, म्हणजे नाना. ते मे २०२१ मध्ये गेले. त्या दिवसांत घराघरांत झालं तसंच इथेही झालं: नीट निरोप नाही, चार माणसं जमली नाहीत, तेरावा कसाबसा उरकला. मागे आई, हा मुलगा आणि दोन विवाहित बहिणी. थोरली सिन्नरला, धाकटी पुण्याला.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तलाठ्याला तीन महिन्यांत द्यायची असते. मुदत टळली म्हणून हक्क बुडत नाही. पण सातबाऱ्यावर मयताचं नाव राहिलं की सोसायटीचं पीककर्ज, पीकविमा, ठिबकचं अनुदान, सगळीकडे पाचर बसते. यांच्या बाबतीत ती बसलीच. चुलतभावाचा ठिबकचा अर्ज खातेदार मयत म्हणून परत आला. त्याने दोन हंगाम मोकाट पाणी देऊन काढले आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. त्याच्या त्या गप्प राहण्याचाच यांना जास्त त्रास झाला.

हे एकट्या यांचंच होतं असं मुळीच नाही. मयत खातेदारांची नावं तशीच राहिलेले सातबारे राज्यभर इतके, की २०२५ साली सरकारला ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीमच काढावी लागली. तलाठ्यांनी गावोगाव चावडीवाचन करून मयत खातेदारांच्या याद्या केल्या. यांच्या गावात यादी वाचली गेली त्या संध्याकाळी चुलतभावाचा फोन आला. “दादा, आज चावडीवर नानांचं नाव वाचलं रे. आता तर सरकारच दारात आलंय. तू फक्त कागद घेऊन ये.”

“रविवारी येतो,” हे म्हणाले. रविवारी त्यांनी स्कूटर धुतली, मोरीतल्या नळाचा वायसर बदलला आणि दुपारी शेजारच्यांच्या मुलीचा कॉलेज प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म बसून भरून दिला. कागदपत्रं स्कॅन करून, एकही चूक न करता. गावाला गेले नाहीत.

तक्रार वेगळीच घेऊन आले

माझ्याकडे आले तेव्हा जमिनीचं नाव त्यांनी काढलं नाही. म्हणाले, “मॅडम, डोकं जड असतं. कारखान्यात ढकललं जातं कसंबसं, पण घरी आलो की काही सुचत नाही. काम समोर दिसतं, पण उठवत नाही.” सोबत पत्नी होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “जमिनीचं सोडून बाकी सगळं सुचतं यांना.” दोघांचंही खरं होतं, हे मला बऱ्याच दिवसांनी नीट कळलं.

त्यांची संध्याकाळ मी तपशिलात विचारली. सहाला घरी, चहा, मग मोबाईल. जेवण, पुन्हा मोबाईल. समोरच्या खोलीत लोखंडी कपाट, कपाटावर नानांची पिशवी. खतांच्या दुकानातून मिळालेली कापडी पिशवी, तोंडाला सुतळी. आत जुने हस्तलिखित सातबारे, पाणीपट्टीच्या पावत्या, सोसायटीचं पासबुक आणि एक डायरी, जिच्यात नाना लासलगाव बाजार समितीत मिळालेला कांद्याचा भाव दर खेपेला लिहून ठेवत. मृत्यूचा दाखलाही यांनीच आणून त्यात टाकला होता. म्हणजे लागणारे जवळजवळ सगळे कागद हाताच्या अंतरावर होते.

पत्नीने आणखी एक सांगितलं. पूर्वी हे खिडकीजवळच्या खुर्चीवर बसत. तिथून कपाट समोर येतं. नाना गेल्यानंतर केव्हातरी ते दिवाणाच्या दुसऱ्या टोकाला बसायला लागले, कपाटाकडे पाठ करून. त्यांच्या स्वतःच्या हे ध्यानात आलेलं नव्हतं. ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

सुस्तीचा हिशोब आधी

मन सुस्त आहे अशी तक्रार आली की मी आधी शरीराकडे आणि नैराश्याकडे बघते. मागच्या दोन आठवड्यांत झोप, भूक, एकाग्रता कशी आहे, एरवी आवडणाऱ्या गोष्टींत गोडी उरली आहे का, जगणं नकोसं वाटतं का, हे प्रश्न सरळ विचारायचे असतात, आडवळणाने विचारू नयेत. यांचं नातवंडांत रमण्यासारखं वय नसलं तरी भाचरांत जीव रमत होता, सोमवारी कारखान्यात जावंसं वाटत होतं, जगणं नकोसं नव्हतं. नैराश्याचं चित्र उभं राहत नव्हतं. राहिलं असतं तर पुढचं सगळं बाजूला ठेवून मी मानसोपचारतज्ज्ञांकडेच पाठवलं असतं. वाचणाऱ्यांपैकी कुणाला हे चित्र स्वतःचं वाटत असेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य मिळते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

शरीराचा मामला मात्र होता. त्यांना काही वर्षांपासून मधुमेह, गोळी मेटफॉर्मिन. घर माळकरी, ताटात अंडंसुद्धा नाही. शाकाहारी माणसाला ब१२ जीवनसत्त्व मुळात दूध-दही-ताकातूनच मिळतं, आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतलं की आतड्यातून त्याचं शोषण कमी होतं. थकवा, विसरभोळेपणा, हातापायांना मुंग्या ही त्याची ओळखीची लक्षणं. मी त्यांना त्यांच्याच डॉक्टरांकडे परत पाठवलं. थायरॉईड ठीक निघालं, ब१२ बरंच कमी. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण आपल्याकडे ‘सुस्ती’ हा स्वभाव मानला जातो आणि चाळिशीनंतरचा माणूस वर्षानुवर्षं स्वतःला दोष देत राहतो, तेव्हा एका रक्ततपासणीचा प्रश्न असू शकतो.

दुसरी गोष्ट झोप. नळाला पाणी पहाटे साडेपाचला, त्यामुळे उठणं ठरलेलं. झोपणं मात्र एक वाजता. का, तर “दिवसभरात माझा म्हणून एवढाच वेळ असतो.” हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की त्यावर हसावंसं कधी वाटत नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या कामाला बांधलेला माणूस रात्री मोबाईलवर जी तासभराची मोकळीक घेतो, ती त्याला खरोखर हवी असते. तिची किंमत तो दुसऱ्या दिवशी मोजतो. मोबाईल चार्जिंगला स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवायचा आणि त्या मोकळ्या वेळासाठी संध्याकाळचा अर्धा तास घरातल्या सर्वांनी मान्य करून सोडायचा, असं ठरलं. अकराचं ठरवलं होतं, जमलं बहुधा पावणेबारापर्यंत. तेवढंही पुरलं.

काही आठवड्यांत फरक दिसला. सकाळचा पेपर अर्धवट टाकणं थांबलं, संध्याकाळी भाजी आणायला ते आपणहून उठू लागले. पण पिशवी होती तिथेच होती. एक दिवस काकुळतीला येऊन म्हणाले, “आता तर दमही लागत नाही, डोकंही जड नाही. मग खाली का येत नाही ती?”

मला या सबंध प्रकरणातलं हेच वळण सगळ्यात मोलाचं वाटतं. सुस्ती आणि चालढकल या दोन गोष्टी एका घरात राहत होत्या म्हणून एकच वाटत होत्या. सुस्ती गेली आणि चालढकल उघडी पडली.

हात नेमका कुठे थांबतो

मी त्यांना म्हटलं, पिशवी इथे नाही, पण ती खाली घेतली असं समजा आणि पुढे काय काय करायचं ते मला सांगत चला. तुम्ही स्टोअर्समध्ये नव्या माणसाला शिकवता तसं.

ते खुलले. सुतळी सोडायची, दाखला काढायचा, सातबाऱ्याचा ताजा उतारा घ्यायचा, आधार कार्डाच्या प्रती. ई-हक्क प्रणालीवर अर्ज ऑनलाइन भरता येतो हे त्यांना ठाऊक होतं, नाहीतर सेतू केंद्रातून. मयत खातेदाराचं नाव, मृत्यूची तारीख. मग वारसांची माहिती आणि प्रतिज्ञापत्र. “वारसांची नावं लिहायची,” एवढं म्हणाले आणि चष्मा काढून पुसायला लागले. मी थांबले. चष्मा पुन्हा घातला, पुन्हा काढला.

“कुणाची नावं लिहायची?” मी विचारलं.

“तोच तर प्रश्न आहे.”

मग चार वर्षांचं सगळं बाहेर आलं. तेराव्याच्या दिवशी निघताना धाकटी बहीण म्हणाली होती, “दादा, आमचं पण बघ रे.” तिला काय म्हणायचं होतं हे त्यांनी विचारलं नाही. त्याच आठवड्यात आई म्हणाली, “पोरींचं काय, त्या सह्या करतील. पहिल्यापासून असंच आहे.” बहिणींची नावं लिहिली तर आईचा शब्द मोडला. नाही लिहिली तर बहिणींना फसवलं. आणि विचारायला फोन करावा तर विचारणंच वाईट दिसणार: भाऊ जमिनीसाठी फोन करतो. दर रविवारी पिशवीकडे नजर गेली की आई की बहीण, असा निवाडा करायची वेळ येत होती. अशी पिशवी कोण खाली घेईल?

चालढकलीवर संशोधन करणाऱ्यांनी हे नीट टिपलं आहे. पिअर्स स्टील यांनी २००७ मध्ये शेकडो अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. काम नकोसं वाटणं आणि फळ लांब असणं, ही टाळण्यामागची ठळक कारणं त्यात दिसली. सर्व काही अचूकच हवं असा हट्ट हे कारण लोक फार सांगतात, त्याचा संबंध तितका घट्ट निघाला नाही. टिमथी पिचिल आणि फ्यूशिया सिरॉइस यांनी २०१३ मध्ये आणखी पुढची मांडणी केली: माणूस काम टाळतो ते त्या कामासोबत येणारी भावना टाळण्यासाठी. टाळलं की लगेच बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यामुळे पुढच्या वेळी टाळणं आणखी सोपं होतं. यांचा नळाचा वायसर, शेजारणीचा फॉर्म, सगळं या मांडणीत चपखल बसतं. हात रिकामे नव्हते. मन एका जागेवरून पळ काढत होतं आणि पळताना उपयोगाची कामं करत होतं, म्हणून घरच्यांना रागही नीट काढता येत नव्हता.

त्यांनी यूट्यूबवर आळस घालवण्याचे व्हिडिओ पुष्कळ पाहिले होते, एका वहीत कामांच्या याद्या केल्या होत्या. प्रत्येक यादीत एक ओळ असायचीच: ‘जमिनीचं काम’. मला त्या दोन शब्दांतच अडचण दिसली. ते एक काम नव्हतंच.

गाठोडं सोडवणं

मी वकील नाही. त्यांना एका जाणत्या दिवाणी वकिलांकडे अर्धा तास बसायला सांगितलं, आणि प्रश्न आधी कागदावर लिहून घेतले. तिथून परत आले ते निराळ्याच चेहऱ्याने.

हिंदू वारसा कायदा १९५६ चा. मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाच्या मिळकतीवर मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि मयताची आई हे पहिल्या वर्गातले वारस. म्हणजे वारस नोंदीत आई, हे आणि दोन्ही बहिणी अशी चारही नावं जायचीच. त्यात निवड करायची मुभा यांना नव्हतीच. कुणाचं नाव गाळलं तर ते खोटं प्रतिज्ञापत्र झालं असतं. वारस नोंद झाली म्हणून जमीन वाटली जात नाही, बांध हलत नाही. पुढे कुणाला हक्क सोडायचा असेल तर तो वेगळा, नोंदणीकृत दस्त, वेगळ्या दिवशी, ज्याच्या त्याच्या मर्जीने. वाटप करायचं असेल तर तेही वेगळं.

ज्या निवाड्याच्या भीतीने चार वर्षं पिशवी वर राहिली, तो निवाडा या कामात नव्हताच. आईने सांगितलं ते एका कामाबद्दल, कायदा सांगत होता ते दुसऱ्याबद्दल, आणि बहिणीच्या वाक्याचा अर्थ तर अजून कुणी विचारलाच नव्हता. तिन्हींचं मिळून एक गाठोडं झालं होतं आणि त्यावर ‘जमिनीचं काम’ अशी चिठ्ठी लागली होती.

इथे मला ठामपणे एक म्हणायचं आहे. मन मोकळं करणं, धीर देणं, हे आमचं काम आहेच. पण अडलेल्या माणसाला कित्येकदा सहानुभूतीच्या आधी अचूक माहिती लागते. ती कुठे मिळेल हे सांगणं हाही उपचाराचा भाग आहे.

शनिवार दुपार

माहिती मिळाली म्हणून हात आपोआप चालत नाही. चार वर्षांची सवय पाठीशी होती. इथे आम्ही पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाची ‘जर-तर’ पद्धत घेतली. त्यांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं की ‘मी हे करणार’ एवढ्या संकल्पापेक्षा ‘अमुक घडलं की लगेच तमुक करणार’ असं आधी बांधून ठेवलं तर काम पार पडायची शक्यता वाढते. २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी ९४ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हाही परिणाम चांगला निघाला. कारण सोपं आहे: ऐन वेळी ‘आता करू की नंतर’ हा वाद मनात सुरूच होत नाही.

त्यांचं वाक्य असं ठरलं: “शनिवारी दुपारी जेवून ताट मोरीत ठेवलं, की हात पुसून पिशवी खाली घेईन आणि फक्त मृत्यूचा दाखला बाहेर काढेन.” फक्त दाखला. ते म्हणाले, एवढ्याने काय होणार. मी म्हटलं, एवढंच करायचं, जास्त करावंसं वाटलं तरी नाही.

सोबत एक वाक्य म्हणायला दिलं. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत मराठी वाचकांना कि. मो. फडके यांच्यामुळे ओळखीची आहे. एलिस सांगत की ‘हे मला सहनच होणार नाही’ हा विचार त्रासापेक्षा जास्त त्रास देतो. यांच्यासाठी त्याचं रूप झालं: “पिशवी उघडली की वाईट वाटणार आहे. वाटू दे. तेवढं मला सोसतं.”

शनिवारी पिशवी खाली आली. दाखला सापडला, पण त्याआधी डायरी हाती लागली. नानांच्या अक्षरात शेवटची नोंद मार्च २०२१ ची होती: तारीख, किती क्विंटल, काय भाव, गाडीभाडं वजा. त्याखाली कोरी पानं. ते दिवाणावर बसून रडले. मे २०२१ मध्ये जे रडायला मिळालं नव्हतं ते बहुधा तेव्हा रडले. आई शेजारी येऊन बसली. तिने डायरी मागून घेतली आणि देव्हाऱ्याशेजारी ठेवली. त्या दिवशी दुसरं काही काम झालं नाही आणि माझ्या मते तो शनिवार पुरा सत्कारणी लागला.

मधली पंधरवड्याची खोट

पुढच्या शनिवारी आधारच्या प्रती निघाल्या, त्याच्या पुढच्याला उतारा. आता यादीत एकच काम होतं: बहिणींना फोन. आणि सगळं पुन्हा थांबलं. आईला ताप आला, मग कारखान्यात साठा मोजणी, मग नुसताच एक शनिवार गेला. आले तेव्हा मान खाली. “मॅडम, मी आहेच असा.”

या वाक्यापाशी पुष्कळजण मागे फिरतात. मायकेल वोल, पिचिल आणि बेनेट यांचा २०१० चा एक अभ्यास मी त्यांना सांगितला. कॅनडातल्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाची मुलं. पहिल्या परीक्षेआधी अभ्यास टाळल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी टाळाटाळ केली. स्वतःला कोसत राहिलेल्यांना ते जमलं नाही. कोसण्याने कामाशी आणखी एक वाईट भावना जोडली जाते, आणि मुळात भावनेपासूनच तर पळ चालू असतो.

म्हणून घरातही एक बदल मागितला. पत्नी दररोज विचारत, “झालं का?” त्या काळजीने विचारत, यांना ते टोचे. ठरलं असं की आठवडाभर कुणी काही विचारायचं नाही. रविवारी रात्री एकदाच, आणि तेही “झालं का” असं नाही तर “पुढचं काय आहे” असं विचारायचं. पत्नीला हे पाळणं फार जड गेलं. चार वर्षं चुलतभावासमोर त्यांनीही मान खाली घातली होती. त्यांच्या बाजूने कुणी विचार करत नाही, असं त्या एकदा म्हणाल्या ते खरं होतं. माझ्याकडूनही त्यांच्या वाट्याला वेळ कमी गेला.

फोन

फोनची आम्ही तालीम केली. पहिल्या खेपेला ते तब्येत, पाऊस, भाचीचं कॉलेज असं करत दहा मिनिटं फिरले आणि मुद्द्यावर आलेच नाहीत. मग पहिलं वाक्य लिहून काढलं: “नानांच्या जमिनीला वारस लावतोय. चौघांचीही नावं लागणार आहेत, तुझंही. तुझ्या आधारची प्रत हवी आहे.” यात विचारणं नाही, मागणं नाही, आधी खुशामत नाही.

थोरलीला फोन केला. ती म्हणाली, “बरं, व्हॉट्सॲपवर टाकते.” दीड मिनिटात संपलं.

धाकटी मात्र गप्प झाली. मग म्हणाली, “दादा, मला वाटलं तू मुद्दाम थांबलायस.” त्यांना काही बोलता येईना. तीच पुढे बोलली: तेराव्याला ‘आमचं पण बघ’ म्हणाली होती ते नानांच्या घरातल्या वस्तूंबद्दल. तिला नानांचा चष्मा आणि डायरी हवी होती. जमिनीचं तेव्हा तिच्या मनातही नव्हतं. ते नंतर आलं, जेव्हा वर्षं उलटत गेली आणि दादा विषयच काढेना. तिच्या सासरी कुणीतरी म्हणालं, भाऊ नावं चढवत नाही म्हणजे समजून जा.

बहिणीला दुखवायचं नाही म्हणून टाळलेल्या कामाने बहिणीलाच चार वर्षं दुखवलं होतं. त्यांना हे ऐकवत नव्हतं, पण फोन त्यांनी ठेवला नाही. पाऊण तास बोलले. देव्हाऱ्याशेजारची डायरी पुढच्या रविवारी पुण्याला गेली. आईला थोडं वाईट वाटलं, पण तिनेच ती कापडात बांधून दिली.

तलाठी कार्यालयापर्यंत आणि पुढे

अर्ज ऑनलाइन गेला आणि त्रुटी निघाली. सातबाऱ्यावर नानांचं नाव एका तऱ्हेने, मृत्यूच्या दाखल्यावर दुसऱ्या तऱ्हेने. वर्षभरापूर्वी हे झालं असतं तर पिशवी पुन्हा कपाटावर गेली असती, असं ते स्वतःच म्हणाले. सरकारी कामात त्रुटी निघणार हे आम्ही आधीच धरलं होतं आणि त्याचंही वाक्य बांधलं होतं: “अर्ज परत आला, तर त्याच दिवशी जेवायच्या आधी तलाठ्यांना फोन करेन.” दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र लागलं. ते दिलं. मग फेरफार नोंद धरली गेली, नोटिशीची १५ दिवसांची मुदत गेली, हरकत आली नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. सातबाऱ्यावर आज चार नावं आहेत. चुलतभावाने ठिबकचा अर्ज पुन्हा केला आहे.

हक्कसोडीचं अजून काही ठरलेलं नाही. आईचं म्हणणं बदललेलं नाही. थोरली सोडायला तयार आहे, धाकटी म्हणते की मला विचार करायला वेळ हवा. यांनी तिला तो दिला आहे, आणि या खेपेला वाट पाहणं हे टाळणं नाही, कारण विषय सगळ्यांच्या समोर उघडा आहे आणि दिवाळीत बसायचं ठरलेलं आहे.

नानांच्या बँक खात्याचं काम त्यांनी मला न सांगताच उरकलं. दाढेचं रूट कॅनल मात्र दोनदा तारीख घेऊन रद्द केलं. त्याचं काय, असं विचारल्यावर म्हणाले, “तिथे हात कुठे थांबतो ते कळलंय. सुईची भीती. डॉक्टरांना तसं सांगणार आहे.” ब१२ ची फेरतपासणी व्हायची आहे. झोप मधल्या काळात पुन्हा साडेबारावर गेली होती. मोबाईल ओट्यावरून दिवाणाशेजारी आला होता. पत्नीने तो परत ओट्यावर नेऊन ठेवला, न बोलता.